आमची वाटचाल : बोटीच्या बॅटरीपासून गाडीच्या चार्जरपर्यंत

आमचं वर्कशॉप रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या जवळ. सुरुवात झाली बोटींच्या बॅटऱ्या आणि घरगुती इन्व्हर्टर रिपेअरने. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, त्यामुळे त्या दिवसांत आमच्याकडे बॅटऱ्यांची रांग लागायची. कुणाची 60 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता), कुणाची 180 एएच, कुणाची पार झोपलेली. सगळ्यांना एकाच करंटने चार्ज करून चालत नाही, लेड अ‍ॅसिडला साधारण क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट बरा, आणि झोपलेलीला त्याहून कमी, म्हणून करंट कमीजास्त करता येईल असा चार्जर आम्ही स्वतःपुरता बनवला होता. विकायचं वगैरे डोक्यातच नव्हतं.

मग इलेक्ट्रिक रिक्षा आणि मालाच्या तीनचाकी गाड्या आल्या. गणपतीपुळ्याकडचा एक गाडीवाला आला आणि म्हणाला, "शेट, गाडी लावली चार्जिंगला की घरातला पंखा रडतो, आणि ह्यो प्लग बघा." प्लगची एक पिन काळी, प्लास्टिक वितळून पिनेवर आलेलं. गाडीत काही खोट नव्हती. 51.2 व्होल्ट 100 एएचचा लिथियम पॅक, सोबत आलेला चार्जर 25 अँपिअरचा फिक्स. आता हिशोब बघा, पॅक भरत आला की व्होल्टेज 58 च्या आसपास जातं, 58 गुणिले 25 म्हणजे 1450 वॅट, लॉस धरून 1600 च्या आसपास, म्हणजे 230 व्होल्टला 7 अँपिअर आणि वाडीच्या शेवटच्या घरात संध्याकाळी 180 व्होल्ट येत असतील तर 9, आणि पीएफसी (लाइनमधून वायफळ करंट ओढू न देणारं सर्किट) नसलेल्या स्वस्त चार्जरला तर त्याहून जास्त. आणि लावलाय कुठे, तर 6 अँपिअरच्या सॉकेटला. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर व्होल्टेज पडलं की गपचूप करंट कमी करायचा, एसएमपीएस, म्हणजे आताचा स्विचिंगवाला हलका चार्जर, बरोबर उलटं करतो, व्होल्टेज पडलं की लाइनमधून जास्त ओढतो. म्हणजे इकडे करंट बॅटरीने नाही, घराच्या वायरिंगने ठरवायला हवा, आणि आमचा सगळा धंदा खरं तर ह्या एका गोष्टीवर उभा आहे.

म्हणून गाड्यांसाठीही करंट कमीजास्त करता येणारा चार्जर बनवला. त्याचा बोर्ड आम्ही टीएल494 वर केला, चार्जरचं स्विचिंग सांभाळणारी जुनी आयसी, पण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कधीही मिळते आणि लक्झरीने सकाळी पार्सल येतं. त्यात दोन एरर अ‍ॅम्प्लिफायर (हवं तेवढं आणि येतंय तेवढं ताडून बघणारे भाग) असतात, एक पॅक पूर्ण भरल्याचं 58.4 व्होल्ट सांभाळतो, दुसरा करंट, दोघांत जो कमी मागेल त्याचं चालतं. करंट मोजायला शंट, म्हणजे अगदी कमी रेझिस्टन्सची पट्टी, 25 अँपिअरला त्यावर जेमतेम 50 मिलिव्होल्ट मिळतात, ते मोठे करून नॉबने दिलेल्या रेफरन्सशी (किती करंट हवा ते सांगणाऱ्या व्होल्टेजशी) ताडून बघायचे, बस एवढंच.

खरी डोकेदुखी नॉबची. साधा कार्बनचा पॉट (रेडिओच्या आवाजाच्या नॉबमागे असतो तसला) इकडच्या दमट हवेत टिकत नाही, ट्रॅक खराब होतो, मधलं टोक सुटलं की रेफरन्स लटकतो आणि चार्जर काय वाट्टेल तो करंट देईल. म्हणून पॉट काढून रोटरी स्विच टाकला, 5, 10, 15, 20, 25 अशा खटक्यांचा, प्रत्येकाला पक्का रेझिस्टर, आणि रेफरन्सपासून ग्राउंडला एक पुलडाऊन, म्हणजे जोड सुटला तर रेफरन्स शून्यावर ओढणारा रेझिस्टर. कॉन्टॅक्ट गेला, वायर तुटली, दोन खटक्यांच्या मध्ये अडकला तरी करंट शून्य. ह्या एका दोन रुपयांच्या रेझिस्टरवर माझा पूर्ण चार्जरपेक्षा जास्त जीव आहे.

व्होल्टेजचा नॉब मात्र बाहेर देत नाही, कितीही मागा. अँपिअर कमी ठेवले तर फार तर वेळ जाईल, 10 ला ठेवून रात्रभर लावा, सकाळी गाडी तयार, व्होल्टेज चुकलं तर बॅटरी जाते. लेड अ‍ॅसिडवाल्यांसाठी सेटिंग आत आहे, ते आम्हीच करून देतो.

पंखाही काढून टाकला. पंखा खारा वारा आत ओढतो, मग बोर्डावर हिरवं चढतं, वर पाली आत शिरतात त्या वेगळ्याच. आता अ‍ॅल्युमिनियमची बॉडी हाच हीटसिंक, बोर्डाला कोटिंग, वायर टिनचढवलेली, स्क्रू स्टेनलेस. वजन वाढलं, दोन-चार गिऱ्हाइकं "हलका नाही काय?" म्हणून परत गेली, जाऊ देत. काही जण आख्खा इपॉक्सीत बुडवून द्या म्हणतात, ते करत नाही, मग रिपेअर कसा करणार? आमच्याकडून घेतलेला चार्जर इथेच उघडता आला पाहिजे, बॉडीच्या झाकणामागे सर्किटही चिकटवून ठेवलेलं असतं.

सध्या 72 व्होल्टवाले विचारतायत. बोर्ड टेबलावर आहे, 230 ला मस्त चालतो, 180 ला आणून फुल करंटवर ठेवला की मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जास्त तापतात. आता इनपुट पडलं की आपोआप आउटपुट करंट उतरवायचं सर्किट त्यात घालतोय, म्हणजे नॉब कोणी 25 वर विसरला तरी प्लग वाचेल. ते पावसाळाभर बंदरावरच्या हवेत नीट चाललं की मगच ऑर्डर घेऊ, तोवर फोन करून घाई करू नका राव.