बोला साहेब

गॅसवाला असो, कुरियरवाला असो, नाहीतर कर्ज घ्या म्हणून गळ घालणारी बँकेतली मुलगी असो, फोनवर मी नुसतं "हॅलो" म्हटलं की पलीकडून हमखास "साहेब" नाहीतर "सर" येतं. पूर्वी मी दुरुस्ती करायचे. आता नाही करत. साहेब तर साहेब.

शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि कानाशी येऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." मी इमानेइतबारे हलवले. आमचा दुसरा नंबर आला. त्यात माझा वाटा किती, हे अजून ठरायचंय.

त्यामुळे उषा उथुपलाही शाळेच्या गाण्याच्या तासाला, हा आवाज गाण्याचा नव्हे म्हणून बाजूला बसवलं होतं, हे वाचून मला झालेला आनंद काही फारसा सज्जन नव्हता. भायखळ्यात वाढलेली ही पोलीस अधिकाऱ्याची मुलगी. १९६९ साली मद्रासच्या माउंट रोडवर 'नाइन जेम्स' या तळघरातल्या नाइटक्लबात ती गायला उभी राहिली, ती चक्क साडी नेसून. बंडबिंड काही नाही, रोज नेसायची तीच. कुणाची तरी बायको चुकून माइकपाशी गेली, असंच वाटलं असणार लोकांना. मग ती तोंड उघडून गायली!

पुढे कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरचं 'ट्रिंकाज' हे गाण्याबजावण्याचं रेस्टॉरंट आलं आणि ते शहरच तिचं झालं. कपाळावरच्या ठसठशीत टिकलीत आता बंगाली 'क' असतो. अंगावर कांजीवरम, डोक्यात फुलं आणि पायात साडीचं कापड लावलेले बूट. याच बंगालात १९८३ मध्ये एका मंत्र्याने तिचं गाणं म्हणजे अपसंस्कृती ठरवून सरकारी सभागृहांत तिला मज्जाव केला. ती कोर्टात गेली आणि जिंकली. टिकलीतला 'क' मात्र तसाच.

तेव्हाच्या हिंदी सिनेमात नायिकेचा आवाज म्हणजे बारीक, उंच, सुरीच्या पात्यासारखा. बागेत धावणाऱ्या मुलीला हिचा आवाज कोण देणार? म्हणून तिच्या वाट्याला क्लब आले, डिस्को आले. १९८० चं 'हरी ओम हरी', पुढच्या वर्षी 'रंबा हो', मग 'डिस्को डान्सर'मधलं 'कोई यहाँ नाचे नाचे'. तिन्हींना संगीत बप्पी लाहिरींचं. आमच्याकडे वरातीत 'रंबा हो' झाल्याशिवाय बँडवाल्याची सुटका नसे. क्लॅरिनेटवाला ती चाल वर वर चढवत न्यायचा आणि मी चिडायचे. अरे, ते गाणं खालीच हवं!

तिचं सगळंच मला आवडतं असं नाही. कार्यक्रमात सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावते, तेव्हा मी हात मांडीखाली घेऊन बसते. पण इतकी वर्षं ती कशी टिकली, याचं माझं एक घरगुती उत्तर आहे. वय झालं की उंच आवाज वरच्या पट्टीत थकतो, आणि ऐकणाऱ्याला आधीचं आठवून वाईट वाटतं. जिच्या आवाजाला कोवळेपण कधी नव्हतंच, तिचं काय हरवणार? 'सात खून माफ'मधल्या 'डार्लिंग'साठी रेखा भारद्वाजसोबत तिला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. पद्मश्री, पद्मभूषण वगैरे झालंच. मला मात्र त्या गाण्यात तिने 'डार्लिंग' म्हणताना लावलेला दणदणीत हक्क पुरतो.

परवा विम्याचा फोन आला. "सर, घरात मॅडम आहेत का? पॉलिसी त्यांच्या नावावर आहे."

"थांबा हं, देते," म्हटलं.

पलीकडे शांतता. चारपाच सेकंद गेल्यावर मी आवाज आणखी अर्धी पट्टी खाली नेला आणि म्हणाले, "हॅलो."