कठडा नसलेले पाणी

"काका, सव्वा लाखाची शर्यतीची सायकल घेतली आहे, आता पोहण्याचे तेवढे सांगा," असे आज सकाळी जलतरण तलावाच्या काठावर एक तरुण मला म्हणाला, आणि त्यातले 'तेवढे' दिवसभर मनात सलत राहिले.

त्याची पहिली ट्रायथलॉन (तीन प्रकारांची सलग शर्यत) स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची आहे: 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणे. मी त्याला पोहून दाखवायला सांगितले. दर 25 मीटरला तो कठडा धरून धापा टाकत होता, कारण पाण्याखाली श्वास रोखून धरायचा आणि तोंड वर आले की हवा सोडणे व घेणे दोन्ही एका झटक्यात उरकायचे, अशी त्याची सवय होती. चेहरा पाण्यात असतानाच नाकातोंडातून हवा हळूहळू सोडत राहायची, एवढे एकच मी त्याच्याकडून अर्धा तास करून घेतले.

धरणात किंवा समुद्रात धरायला कठडा नसतो, तळाशी रेघही नसते. दर सहा-आठ हात मारल्यानंतर डोळे वर काढून खुणेचा तरंगता बोया शोधावा लागतो.

सायकल मात्र पहिल्या वेळी घरातली सरळ हँडलची हायब्रिडही चालते. सीटची उंची, ब्रेक आणि टायरमधली हवा नीट हवी, आणि सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला हवा.

पुढच्या रविवारी तो प्रथमच खुल्या पाण्यात उतरणार आहे. सोबतीला माझ्याबरोबर आणखी कुणी अनुभवी पोहणारे येतील का?