ड्रॉवरमधलं पत्र आणि तीन मतांचा मतदारसंघ

बावीस मे २०२४ च्या संध्याकाळी ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली आणि त्याच रात्री मी मतदार नोंदणीचा ऑनलाइन अर्ज भरून टाकला. भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, हे लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या कित्येक लोकांना माहीत नसतं. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक आणि इथे कायदेशीर वास्तव्य, एवढं पुरतं. नाव, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर, राष्ट्रीयत्व. पाच मिनिटांचं काम झालं म्हणून मी निवांत झोपले.

आठवड्याभरात कौन्सिलचं एक पत्र आलं. ते मी न फोडताच पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर ड्रॉवरमध्ये टाकलं. जूनच्या मध्याला कात्री शोधताना ते पुन्हा हाती आलं. अर्जातलं नाव सरकारी नोंदीशी जुळत नाही, ओळखीचा पुरावा पाठवा, असा मजकूर होता. आपल्याकडची नेहमीची भानगड! पासपोर्टात माझ्या नावामागे बाबांचं नाव चिकटलेलं, इथल्या नोंदीत ते कुणीतरी गाळलेलं. नोंदणीची मुदत १८ जूनला संपत होती आणि हातात चार दिवस होते. पासपोर्टाची प्रत ईमेलने पाठवली आणि रोज दोनदा इनबॉक्स बघत बसले.

बाबा सांगलीजवळच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना कैक निवडणुकांची ड्युटी केली, शेवटच्या काही केंद्राध्यक्ष म्हणून. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "अगं, मत देणं सोपं असतं. यादीत नाव असणं अवघड. मतदानाच्या दिवशी निम्मी भांडणं त्याचीच."

नाव यादीत आलं. पाठोपाठ पोल कार्ड आलं आणि त्यावर मतदारसंघ छापला होता, 'इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी'. इझलिंग्टन ठीक, आमचा बरो, म्हणजे लंडनमधला पालिका विभाग, तोच. पण हे फिन्सबरी कोणतं? डोक्यात कुठेतरी घंटा वाजली. शाळेच्या इतिहासात एका ओळीत भेटलेले दादाभाई नौरोजी, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले, ते फिन्सबरीतूनच की!

मग माझं खरं काम सुरू झालं आणि सुरू झालं ते चुकीच्या बसने. एका रविवारी मी १९ नंबरची बस पकडून थेट फिन्सबरी पार्कला गेले. भलंमोठं उद्यान, तळं, पळणारी माणसं. मतदारसंघाचा मागमूस नाही. घरी येऊन वाचल्यावर कळलं की फिन्सबरी पार्क फिन्सबरीत नाहीच. दाट वस्तीतल्या फिन्सबरीकरांनी मोकळ्या जागेची मागणी केली, जागा मिळाली ती चारेक किलोमीटर उत्तरेला, १८६९ मध्ये उद्यान खुलं झालं आणि नाव तेवढं मागणाऱ्यांचं राहिलं. खरं फिन्सबरी माझ्या दारातच होतं. मी राहते ती अमवेल स्ट्रीट क्लर्कनवेलमध्ये येते आणि क्लर्कनवेल म्हणजेच दादाभाईंच्या मतदारसंघाचा गाभा.

वंशावळ लावायला मला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. १८३२ च्या सुधारणा कायद्याने फिन्सबरी हा दोन खासदारांचा मतदारसंघ जन्माला आला. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्टांचा १८४२ चा प्रचंड अर्ज पार्लमेंटात सादर करणारा डनकोम इथलाच खासदार. १८८५ मध्ये त्याचे तीन तुकडे झाले: होबर्न, ईस्ट फिन्सबरी आणि सेंट्रल फिन्सबरी. १९१८ मध्ये सेंट्रल फिन्सबरी नकाशावरून पुसला गेला आणि पुन्हा नुसतं फिन्सबरी आलं. १९५० मध्ये ते शोरडिचला जोडलं आणि १९७४ मध्ये इझलिंग्टनच्या दक्षिण भागाला. माझ्या पोल कार्डावरचं 'अँड फिन्सबरी' हे त्या घराण्याचं उरलेलं आडनाव म्हणायचं.

वाचन इंटरनेटवर भागत होतं, पण मला त्या काळची मतदार यादी डोळ्यांनी बघायची होती. सुदैवाने आमच्या भागात या बाबतीत चैन आहे. सेंट जॉन स्ट्रीटवरच्या फिन्सबरी लायब्ररीत स्थानिक इतिहास केंद्र आहे आणि नॉर्दम्प्टन रोडवर लंडनचा दप्तरखाना म्हणावा असं मोठं अभिलेखागार. तेव्हा त्याचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्ज होतं, त्याच ऑगस्टपासून ते द लंडन अर्काइव्ह्ज झालं. दोन्ही जागा जुन्या सेंट्रल फिन्सबरीच्या हद्दीतच. इतिहास केंद्रात आधी वेळ ठरवावी लागते, अर्काइव्ह्जमध्ये नाव नोंदवून कार्ड काढावं लागतं. पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. शाळेनंतर इतकी पेन्सिल मी पहिल्यांदाच झिजवली.

पहिली खेप जवळजवळ वाया गेली, कारण मी चुकीचा प्रश्न घेऊन गेले होते. मी 'दादाभाई' मागत होते. त्यांचे कागद लंडनमध्ये नाहीत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इथे मागायचं ते वर्ष, पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून पडलेला विभाग) आणि रस्ता. दुसऱ्या खेपेला तसं मागितलं आणि १८९० च्या दशकातली यादी समोर आली.

यादी वाचायलाही शिकावं लागतं. प्रत्येक नावापुढे राहण्याचं ठिकाण, मताचा हक्क कशामुळे मिळाला ते आणि कोणत्या मालमत्तेमुळे. घरधनी एकीकडे, भाडेकरू दुसरीकडे. भाडेकरूंच्या यादीत खोली कोणत्या मजल्यावर, सामानासकट की सामानाविना, आठवड्याचं भाडं किती आणि घरमालक कोण, एवढं सगळं. क्लर्कनवेल हा घड्याळजी, सोनार, छपाईवाले आणि इटालियन कारागिरांचा भाग. एकेका घरात तीन-तीन, चार-चार कुटुंबं. आणि नाव यादीत राहणं किती जिकिरीचं! १५ जुलैला संपणारं सलग एक वर्षाचं वास्तव्य हवं. भाडेकरूने दरवर्षी नव्याने दावा करायचा. गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली की बहुधा नाव कटलं. वर पक्षांचे एजंट शरद ऋतूत यादी तपासणाऱ्या वकिलासमोर एकमेकांच्या मतदारांवर हरकती घेत बसायचे. माझं ड्रॉवरमधलं पत्र आठवून मला जरा लाजच वाटली.

"म्हणजे निवडणूक मतदानाआधीच लढवायचे," बाबा म्हणाले. त्यांना हे सगळं फार ओळखीचं वाटत होतं.

त्या यादीने मला आणखी एका जागी थांबवलं. तिचे तीन विभाग असतात. पहिल्यात पार्लमेंट आणि स्थानिक, दोन्ही मतं असलेले. दुसऱ्यात फक्त पार्लमेंटचं मत. तिसऱ्यात फक्त स्थानिक. आमच्या रस्त्याच्या पानांवर पहिल्या दोन विभागांत सगळे पुरुष आणि तिसऱ्यात अचानक बायकांची नावं. स्वतःच्या नावावर घर असलेल्या, बहुतेक विधवा. लंडनच्या काउंटी कौन्सिलसाठी मत, पार्लमेंटसाठी नाही. ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरच्या काही बायकांना पार्लमेंटचं मत मिळालं ते १९१८ मध्ये आणि सेंट्रल फिन्सबरी संपला तोही १९१८ मध्ये. तेहतीस वर्षांचं आयुष्य, १८८५ पासून डिसेंबर १९१० पर्यंत आठ सार्वत्रिक निवडणुका आणि त्यात एकाही बाईला मत नाही. दादाभाईंच्या बाजूने फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभी राहिली होती, तिलाही नाही. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात मी वाचलेलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, ती मतमोजणी. दादाभाई आधी १८८६ मध्ये शेजारच्या होबर्नमधून उभे राहून पडले होते. त्यावर १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी एडिंबरोच्या सभेत बोलून गेले की, ब्रिटिश मतदारसंघ अजून 'काळ्या माणसाला' निवडून देईल असं वाटत नाही. अनेकांना ते लागलं आणि दादाभाईंचं नाव घराघरांत पोचलं. सॉल्झबरीने फुकटात केलेला हा प्रचार! सेंट्रल फिन्सबरीची लिबरल उमेदवारी मात्र सुखासुखी मिळाली नाही. परक्यांपेक्षा आपल्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यांनी जास्त वर्षं खाल्ली. बाबा यावर नुसते हसले.

समोर होते विद्यमान खासदार कॅप्टन पेन्टन, कॉन्झर्व्हेटिव्ह. आमच्या घरावरून दहा मिनिटं चाललं की पेन्टन स्ट्रीट लागते, पेन्टन राइज लागतं. पेन्टनव्हिल ही अख्खी वस्तीच त्यांच्या घराण्याच्या नावाची. म्हणजे मुंबईच्या प्राध्यापकाची लढत होती ती थेट जमीनदाराशी, त्याच्याच जहागिरीत. जुलै १८९२ चा निकाल: नौरोजी २,९५९, पेन्टन २,९५६.

या आकड्याने मला दोन दिवस छळलं, कारण कुठे मताधिक्य पाच लिहिलेलं, कुठे तीन. निकालांच्या संदर्भग्रंथात तीन आहे. पाच हा आकडाही खूप ठिकाणी छापला गेला आणि तोच पुढे नकलत राहिला. पेन्टन याचिका करून पाहून चुकले, पण जागा दादाभाईंकडेच राहिली. इंग्रजांच्या जिभेला 'नौरोजी' वळेना, त्यांनी त्याचं 'नॅरो-मेजॉरिटी' करून टाकलं. काठावरचं बहुमत! एवढी चपखल कोटी कुणाच्या नावावर क्वचितच झाली असेल.

'पहिले भारतीय' या बिरुदालाही एक तळटीप आहे. सरधन्याच्या बेगम समरूचा वारस डाइस सोम्बर, काही अंशी भारतीय रक्ताचा, १८४१ मध्येच सडबरीतून निवडून आला होता. मतं विकत घेतल्याचं सिद्ध होऊन १८४२ मध्ये त्याची निवड रद्द झाली आणि १८४४ मध्ये सडबरीचाच मतदारसंघ बरखास्त केला. मला विचाराल तर दादाभाईंची तीन मतं जास्त भरतात.

निवडून आल्यावर त्यांनी शपथ बायबलवर न घेता पारशांच्या खोर्देह अवेस्तावर घेतली. २ जून १८९३ ला भारतातही आयसीएसची परीक्षा घ्यावी, हा ठराव कॉमन्समध्ये ८४ विरुद्ध ७६ असा मंजूर झाला. तिथेही फरक आठाचाच, आणि सरकारने तो अमलात आणला नाहीच. त्या वर्षाअखेर ते लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी आले तेव्हा मुंबईने त्यांना डोक्यावर घेतलं. फिन्सबरीने मात्र १८९५ मध्ये घरी पाठवलं. रोझबेरी अव्हेन्यूवरच्या फिन्सबरी टाउन हॉलवर त्यांच्या नावाची पाटी आहे आणि लोक समजतात की निकाल इथेच लागला. ती इमारत १८९५ ची. ती उभी राहिली त्याच वर्षी साहेब पडले.

जवळच नौरोजी स्ट्रीट आहे. छोटीशी गल्ली. मुंबईच्या डीएन रोडची ऐट मनात धरून जाल तर हिरमुसाल. मी या गल्लीजवळून कितीदा वाणसामान घेऊन गेले असेन, पाटी कधी वाचली नव्हती.

चार जुलैला सकाळी सात वाजता केंद्रावर हजर झाले. आता ओळखपत्र लागतं आणि त्यात राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणून माझा निळा पासपोर्ट टेबलावर ठेवला. यादीत पट्टी सरकवत बाईंनी नाव शोधलं. आठ-दहा सेकंद असतील, पण माझ्या पोटात गोळा. सापडलं. मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल, फुली, घडी, पेटी. बोटाला शाई नाही, हे बाबांना अजिबात पटलं नाही. "मग दुसऱ्यांदा आला तर ओळखायचा कसा?"

१८९२ च्या निकालाचा तक्ता त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या खुणा झाल्या, तरी बराच वेळ काही उत्तर नाही. मग थेट फोनच आला.

"तीन मतांचा फरक म्हणतेस. बाद मतं किती होती?"

पुढच्या गुरुवारची वेळ घेऊन ठेवली आहे. पेन्सिलीला टोक काढलंय.