परातीतलं तेल

6 एप्रिल, रविवार

रामनवमी. आईनं पहाटेच अंगणात रांगोळी काढली आणि गाडीच्या पोटाखालची फरशी तेवढी सोडून दिली. शहाबादी फरशी तेल पिऊन काळी पडलीय, तिथं रांगोळी धरतच नाही. दोन महिने झाले, बाबांची ॲम्बेसेडर गळायलीय. आधी पुठ्ठा ठेवला होता, मग आईची जुनी जर्मनची परात सरकवली. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

गाडी 1969 ची, मार्क 2. 1993 ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा बाबांनी लातुरातून हिच्यातूनच भाकरी आणि चादरी नेल्या होत्या. बाबा गेले आणि गाडी दोन वर्षं पत्र्याखाली उभी राहिली. मागच्या दसऱ्याला मी ती चालू केली. तेव्हा थेंबही नव्हता.

आतापर्यंत तीन गॅरेजांत दाखवली. तिन्हीकडे निदान एकच: "मागचं ऑइल सील गेलं. इंजिन उतरवावं लागंल." एकानं तर बॉनेटही उघडलं नाही.

9 एप्रिल, बुधवार

ऑफिसातून लवकर आलो. आधी सगळं इंजिन पुसून काढायचं, मगच काय ते दिसणार. पण 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्यानं रांगेत उभं राहून भरलंय, त्याची इंजिनावर पाईप धरायची छाती होत नाही. अर्धा लिटर डिझेल, रंगाचा ब्रश आणि बाबांच्या जुन्या बनियनवर भागवलं. वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल मिळून झालेला थर कुरडईच्या चिकासारखा निघत होता.

कोरडं झाल्यावर सगळीकडं टाल्कम पावडर मारली. इंजिनाचं पार लहान लेकरू करून टाकलं. औसा रोडला चार किलोमीटर जाऊन आलो आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो. बेल हाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोळीला, थेंब लटकलेला होताच. पण पावडरीतला ओला ओघळ त्याच्याही वरून, डाव्या अंगानं, मॅनिफोल्डच्या (धुराच्या नळ्यांच्या जोडाच्या) मागून आलेला. पंख्याचा वारा तेलाला मागं ढकलतो. गळतं एकीकडं, टपकतं दुसरीकडं.

आणखी एक, ऑइल मोजायची पट्टी आपोआप बोटभर वर आली होती. तेव्हा मी ती दाबून बसवली नि विसरून गेलो.

13 एप्रिल, रविवार

चाचांना घेऊन आलो. जुने मिस्त्री, वय सत्तरच्या पुढं, आता फक्त ओळखीच्यांच्या गाड्या बघतात. मी म्हणालो, चाचा, सगळे सील गेलं म्हणतात. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"सील हैच नै इसमें, तो जाती कैसी?"

खरंच नाही! या जुन्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घडणीच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला रबरी सील नसतंच. तिथं उलटे आटे कापलेले असतात. क्रँक फिरला की ते तेलाला परत आत ओढतात. म्हणजे तीन गॅरेजांनी मला नसलेला भाग बदलायचा भाव सांगितला होता.

मग पट्टीची गोष्ट सांगितली. चाचांनी गाडी चालू करायला लावली आणि तेल टाकायचं झाकण काढलं. फस्सकन धूर आला. जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांच्या बगलेतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, त्याला बाहेर पडायला वाट लागते. या इंजिनाला दोन वाटा. एक वरून एअर फिल्टरला जाणारा रबरी पाईप. तो दसऱ्याला कुजलेला निघाला, नवीन मिळेना, म्हणून मीच तिथं लाकडी बूच ठोकलं होतं. वर स्वतःवर खूशही झालो होतो.

"और दुसरी?" म्हणत चाचांनी साईड कव्हरच्या, म्हणजे मॅनिफोल्डमागच्या पत्र्याच्या झाकणाच्या, ब्रीदर पाईपात सायकलची तार घातली. तार दोन इंचांवर अडली. टोकरून टोकरून माती निघाली, भाजल्यासारखी कडक. कुंभारीण माशीचं घर! गाडी उभी होती त्या दोन वर्षांत तिनं संसार थाटला होता. मातीबरोबर हातावर पाच-सहा वाळलेले कोळी पडले, पिल्लांच्या जेवणाला भरून ठेवलेले. एक वाट तिनं बुजवली, दुसरी मी. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा सगळा दाब तेलावर. मग ते सापडेल त्या फटीतून निघणार नाही तर काय करेल?

14 एप्रिल, सोमवार

भीमजयंती. दुकानं बंद, गावभर मिरवणुका. पॅकिंग उद्या. साईड कव्हर मात्र खोलून ठेवलं. त्याच्या कडेची कॉर्कची पॅकिंग वाळून पापडासारखी, हात लावला की तुकडा. गळतंय म्हणून कुणीतरी मधला एकुलता बोल्ट कचकचून आवळलेला, त्यानं पत्रा मधोमध बसलाय आणि कडा उचलल्यात. कुणीतरी म्हणजे, फेब्रुवारीत, बहुतेक मीच.

15 एप्रिल, मंगळवार

लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून पत्रा सरळ केला. हातोडीनं नाही, हातोडीच्या वजनानं, असं चाचा म्हणतात. पॅकिंग कव्हरला चिकटवून रात्रभर वरवंट्याखाली ठेवायची, इंजिनाच्या बाजूला नुसतं ग्रीस. मी सिलिकॉनची ट्यूब आणली होती. "नक्को", एवढंच म्हणाले.

17 एप्रिल, गुरुवार

काल कव्हर बसवलं. बोल्ट आवळताना चाचांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला. वरच्या वाटेला ट्रॅक्टरच्या दुकानातला पाईप कापून लावला. दिसायला वाईट आहे. औसा रोडला वीस किलोमीटर. पट्टी जागेवर.

सकाळी परात ओढून बघितली. दोन थेंब. त्या उलट्या आट्यांचे असणार, उभ्या गाडीत ते तेल ओढत नाहीत ना.

"थांबलं का गळायचं?" आई दारातूनच.

"जवळजवळ."

तिनं परात उचलली, उन्हाकडं धरली, वास घेतला आणि परत गाडीखाली सरकवली. "आता नवीच आण," म्हणाली. "मोठी."