फ्रीबीएसडी 13.2 वरून 14.1 वर: बूट लोडर बदलण्याचा माझा अनुभव

घरच्या सर्व्हरवर फ्रीबीएसडी ही युनिक्स वळणाची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, दोन डिस्कचा झेडएफएस मिरर (झेडएफएस ही फाइल सिस्टिम, मिरर म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा). आधी ‘बीईसीटीएल’ने जुन्या सिस्टिमचं बूट एन्व्हायर्नमेंट (गरज पडल्यास परत फिरता येईल अशी तिची प्रत) जपून ठेवलं, मग ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ने 14.1 घेतलं. अपग्रेड, इन्स्टॉल, रीबूट, पुन्हा इन्स्टॉल, मग सगळी पॅकेजं. वेळखाऊ, पण डोक्याला ताप नाही.

त्यानंतर ‘झेडपूल स्टेटस’ बघितलं, तर पूलमध्ये (झेडएफएसने दोन्ही डिस्क मिळून केलेल्या साठ्यात) काही नवी फीचर्स चालू केलेली नाहीत, ‘झेडपूल अपग्रेड’ करा, असा सल्ला. 13.2 मध्ये ओपनझेडएफएस (फ्रीबीएसडीतलं झेडएफएस) 2.1 होतं, 14 मध्ये 2.2 आहे. सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण मी तिथे हात आखडला. कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) आधी चालून त्याला सुरू करणाऱ्या लोडरलाही पूल वाचावा लागतो. वाचण्यासाठी आवश्यक असं एखादं नवं फीचर वापरात आलं आणि लोडरला ते कळत नसेल, तर मशीन कर्नलपर्यंत पोचतच नाही. शिवाय चालू केलेली फीचर्स मागे घेता येत नाहीत.

आता खरी मेख. अपग्रेडमध्ये ‘बूट’ फोल्डरमधलं लोडर डॉट ईएफआय, म्हणजे हाच लोडर, नवं झालं होतं. यूईएफआय (मशीन चालू होताच लोडर शोधणारं फर्मवेअर) मात्र ते वाचत नाही. ते वाचतं ईएफआय पार्टिशनमधली प्रत, आणि ती जुनीच होती. हे पार्टिशन फॅट स्वरूपाचं, झेडएफएसच्या बाहेरचं. म्हणजे बूट एन्व्हायर्नमेंट मागे फिरवलं तरी त्याला धक्का लागत नाही, आणि मिररही त्याची नक्कल करत नाही. प्रत्येक डिस्कवरचं काम वेगळं करायचं. (जुन्या बायोस फर्मवेअरवाल्यांचा मार्ग निराळा: तिथे ‘जीपार्ट बूटकोड’ने जीपीटीझेडएफएसबूट हा बूट कोड पुन्हा लिहावा लागतो.)

‘सिसकंट्रोल’ला मशीन कसं बूट झालं ते विचारलं, उत्तर यूईएफआय. कुठली फाइल उचलली जाते ते ‘ईएफआयबूटएमजीआर’ने दाखवलं: फ्रीबीएसडी फोल्डरमधली. पण ती नोंद हरवली तर फर्मवेअर बूटएक्स64 डॉट ईएफआयकडे वळतं, म्हणून दोन्ही बदलायचं ठरवलं. पहिल्या डिस्कचं पार्टिशन माउंट झालेलंच होतं. दुसरं ‘जीपार्ट शो’मध्ये शोधून हाताने माउंट केलं. जुन्या फाइल्स नाव बदलून तिथेच ठेवल्या. पार्टिशन 260 एमबीचं असल्याने जागेची चिंता नव्हती. दहा-अकराच्या काळातल्या इन्स्टॉलेशनवर ते 800 केबीचं असायचं, तिथे असली चैन नाही. नव्या प्रती टाकून फाइल्सची तुलना करणारं ‘सीएमपी’ चालवलं. ते काहीच बोललं नाही, म्हणजे सगळं जुळलं.

मग रीबूट करून फर्मवेअरच्या मेनूतून मुद्दाम दुसरी डिस्क निवडली. उठलं.

‘झेडपूल अपग्रेड’ मात्र लगेच केलं नाही. नव्या फीचर्सचा पूल 13.2 च्या कर्नलला उघडेलच याची खात्री नसते, मग जपलेलं बूट एन्व्हायर्नमेंट असून नसल्यासारखं. जेल (सिस्टिममधले वेगळे राखलेले कप्पे) आणि बॅकअप सुरळीत चालतायत हे पटल्यावरच तो कमांड दिला.