वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी निवडलेला फॉन्ट

रोमन लिपीत अक्षराच्या टोकाशी जी बारीक पट्टी असते, जिला सेरिफ म्हणतात, ती देवनागरीत नसते. परंतु सेरिफ टाइपाचे खरे देखणेपण ज्यात असते, तो जाड आणि बारीक रेषांचा तोल देवनागरीला तिरक्या छाटलेल्या बोरूने फार पूर्वीच दिलेला आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये तो तोल उत्तम साधला आहे, आणि म्हणूनच दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका जुळवताना मी तोच निवडला.

हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेतून निघणाऱ्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी या ग्रंथमालेसाठी जॉन हडसन आणि फिओना रॉस यांनी घडवलेल्या देवनागरी टाइपातून हा फॉन्ट आला. त्यामागची प्रेरणा मात्र आपल्या घरची आहे. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या वळणदार टाइपाची परंपरा त्यात स्पष्ट दिसते, याचे मला फार अप्रूप वाटते.

‘वऱ्हाड’ हा आपलाच शब्द मोठ्या आकारात लावून पाहावा. अर्ध्या ‘र’ची चंद्रकोर ‘ह’ला नेमकी बिलगते आणि ‘ह’चे पोट भरीव जाडीतून उतरत शेवटी बारीक होत जाते. मराठीसाठी वेगळा संच असल्यामुळे ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा मिळतो. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयातही हीच रूपे मान्य आहेत. आमच्याकडची कितीतरी छापील पत्रके हिंदी वळणाच्या ‘ल’ने भरलेली असतात, आणि ते मला मनापासून खटकते.

सलग, दीर्घ मजकूर हे या फॉन्टचे खरे क्षेत्र आहे. स्मरणिकेतील लेख, कवितासंग्रह, भजनांची पुस्तिका, एवढेच काय तर तेरवीचे कार्डही त्यात शोभून दिसते. मात्र रफार, वेलांट्या आणि उकार यांना मोकळी जागा हवी असते, त्यामुळे बारा पॉइंटच्या अक्षराला मी ओळींमध्ये अठरा पॉइंटांचे अंतर ठेवतो. त्याहून कमी ठेवल्यास वरच्या ओळीतला उकार खालच्या मात्रेला टेकू लागतो.

फ्लेक्ससाठी तो घेऊ नये. यात साधे आणि तिरके एवढीच दोन रूपे आहेत. ठळक रूप नाही, आणि संगणकाकडून ते ओढूनताणून करून घेतले तर ‘क्ष’ किंवा ‘ष्ट’सारख्या जोडाक्षरांतील मोकळ्या जागा बुजून जातात. हरिनाम सप्ताहाची जी पत्रके पुढे झेरॉक्सवर निघणार असतात, तिथेही लहान आकारातल्या बारीक रेषा तुटतात; अशा कामाला सारख्या जाडीच्या रेषांचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट अधिक सोयीचा पडतो. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरील शीर्षकासाठीही मी ‘मुक्ता’चेच ठळक रूप घेतले आहे.