फिरवणाऱ्याला कळत नाही तो फरक

शनिवार, रात्री

‘गाडी जवळ येते तसतसा हॉर्नचा स्वर चढत जातो.’ उत्तरपत्रिकांमध्ये हे वाक्य हमखास येतं आणि ते चूक आहे. वाढत जातो तो आवाजाचा मोठेपणा. स्वर गाडी लांब असतानाच चढलेला असतो. वेग तोच राहिला तर तोही जवळपास तिथेच टिकतो आणि गाडी समोरून जाताना घसरतो. अंतर किती आहे याला महत्त्व नाही. ते किती वेगाने घटतंय किंवा वाढतंय, त्यावर स्वर ठरतो. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात.

हे पटवायला बझरचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. सुमारे ३००० हर्ट्झचा पीझो बझर (एकसुरी आवाज करणारा छोटा विजेचा भोंगा) आणि ९ व्होल्टची बॅटरी स्पंजच्या चेंडूत बसवायची, एक मीटर दोरी बांधायची आणि डोक्यावर आडवं गरगर फिरवायचं. सेकंदाला दोन फेरे झाले की वेग होतो १२.६ मीटर प्रति सेकंद. पाच-सहा मीटरवर उभ्या असलेल्यांना स्वर ३११२ आणि २८९६ हर्ट्झच्या दरम्यान हेलकावताना ऐकू येतो. फिरवणाऱ्याला मात्र काहीच फरक कळत नाही, कारण त्याच्यापासून बझरचं अंतर बदलतच नाही. म्हणून फिरवायला आळीपाळीने सगळ्यांना द्यावं.

गाठ कधीही नुसत्या स्पंजमधून ओवू नये. या वेगाला १०० ग्रॅमचा चेंडू दोरीला दीड किलो वजनाहून जास्त जोराने ओढतो. स्पंज फाटतो आणि बॅटरी कुणाच्या तरी तोंडावर जाते. दोरी बॅटरीभोवतीच आवळायची, वरून चिकटपट्टी. प्रयोग मैदानात करावा. बंद खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज मिसळतो, जागोजागी त्याचा मोठेपणा कमी-जास्त होतो आणि मुलं त्यालाच डॉप्लर परिणाम समजतात.

फोनवर मोजताना गोंगाट कमी करण्याची सोय बंद हवी. एकसुरी आवाज तिला गोंगाटच वाटतो आणि ती बझरच पुसून टाकते. स्पेक्ट्रोग्रामवरून, म्हणजे वेळेनुसार वारंवारिता दाखवणाऱ्या आलेखावरून, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची वारंवारिता घ्यायची. त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागून ध्वनीच्या वेगाने गुणलं की बझरचा वेग मिळतो. ध्वनीचा वेग ३० अंश सेल्सिअसला ३४९ मीटर प्रति सेकंद धरावा. पुस्तकातला ० अंशाचा ३३१ घेतला तर उत्तर पाच टक्क्यांनी कमी येतं.

रेल्वेसाठी तयार कान पुरतो. १८४५ साली नेदरलँड्समध्ये बायस बॅलट या शास्त्रज्ञाने हाच परिणाम तपासायला उट्रेख्ट आणि मार्सनच्या दरम्यान गाडीवर तुतारीवादक बसवले आणि रुळाकाठी संगीतकारांना स्वर ओळखायला उभं केलं. आपल्याकडे हार्मोनियम चालेल. फलाटावर पिवळ्या रेषेच्या बरंच मागे थांबावं, न थांबता जाणारी गाडी निवडावी आणि तिने समोरून जाईपर्यंत हॉर्न दाबून धरलेला असावा. रुग्णवाहिकेचा भोंगा घेऊ नये, तो मुळातच वर-खाली होत असतो. येतानाचा स्वर पट्टीवर पकडायचा, मग जातानाचा. ताशी ७२ किलोमीटरला तो जवळजवळ शुद्ध रे वरून सा वर उतरतो, म्हणजे मधली एक पट्टी सोडून. लगतच्याच पट्टीवर उतरला तर गाडी ताशी ३६ च्या आसपास होती.